प्रवासात आरव्हीच्या फ्रिजमधलं सामान जागेवर कसं ठेवायचं?

चाकावरचं_घर (प्रश्न)

मोटरहोममध्ये दोन दारांचा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज (कॉम्प्रेसर नसलेला, उष्णतेवर चालणारा) आहे. गॅस, मेन्सची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालतो. वर छोटा फ्रीझर, खाली मुख्य भाग. गाडीच्या डाव्या भिंतीला पाठ लावून उभा आहे, म्हणजे दाराचं तोंड उजवीकडे. जागा मागच्या चाकांच्याही मागे. आत तारेच्या जाळीचे तीन कप्पे, तळाला भाजीचा खण, दारात तीन कप्पे.

अडचणी अशा आहेत. खिट्टी लावलेली असूनही वळणांच्या रस्त्यानंतर खालचं दार बोटभर उघडलेलं सापडतं. मुक्कामी दार उघडलं की काहीतरी बाहेर पडतंच. दुधाचे खोके आडवे होतात, डब्यांची झाकणं सुटतात, उंचावर गेल्यावर तर जास्तच. आणि शीतपेयांचे काही कॅन न फुटता, न चेपता रिकामे झालेले मिळतात; आजूबाजूला सगळं चिकट.

कप्प्यांवर रबरी जाळीची चटई घातली आहे, तिने सामान घसरायचं थांबलं पण आडवं पडायचं थांबलं नाही. दाराला भोक पाडून वेगळी कडी बसवावी का? स्प्रिंगच्या आडव्या दांड्या कितपत धरतात? पुढेमागे हा फ्रिज काढून घरगुती मोठा बसवण्याचा विचार आहे, त्यात हे सगळं सोपं होईल की अवघड?

---

बिजागरी

आधी दार. दार नीट बंद राहत नसेल तर आतली कुठलीही रचना वाया जाते. भोक पाडायच्या आधी चार गोष्टी तपासा, या क्रमाने.

पहिली, खिट्टी नेमकी कुठल्या स्थितीत आहे. या प्रकारच्या बऱ्याच फ्रिजना खिट्टीच्या दोन जागा असतात. एक पूर्ण बंद. दुसरी हवा खेळती ठेवण्याची, फ्रिज बंद करून गाडी उभी करून ठेवताना आत बुरशी धरू नये म्हणून दार थोडं उघडं अडकवायची. दोन्हींत 'टक' असा आवाज येतो आणि दोन्हींत दार ओढलं तर उघडत नाही. घाईत दुसरी जागा लागली तर रबर टेकतच नाही. बोटभर फट हे या चुकीचं नेमकं लक्षण आहे. लावल्यावर दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. रबर सगळीकडे दबलेलं लागलं पाहिजे.

दुसरी, दार खाली बसलंय का. दाराचं सगळं वजन खालच्या बिजागरीतल्या प्लॅस्टिकच्या बुशवर, म्हणजे खिळीभोवतीच्या कड्यावर असतं. चाकांच्या मागे गाडी सर्वात जास्त उसळते, त्यामुळे तो बुश लवकर झिजतो. झिजला की दार २-३ मिलिमीटर खाली येतं आणि खिट्टी समोरच्या खोबणीत पूर्ण न बसता कडेवर टेकते. सपाट रस्त्यावर तेवढ्यावर निभावतं, वळणावर सुटतं. तपासायला सोपं आहे. दार अर्धं उघडा, मोकळी कडा दोन्ही हातांनी धरून वर उचला. २ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ जाणवला तर बुश बदला. बुश मिळेपर्यंत खालच्या बिजागरीच्या खिळीवर १ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा वॉशर घातला तरी दार पुन्हा उंचीला येतं. दार काढताना त्यातलं सामान आधी रिकामं करा आणि दुसऱ्या माणसाला दार धरायला सांगा, खालची बिजागरी सुटली की ते एकदम कलंडतं.

तिसरी, खिट्टी ज्यात अडकते तो चौकटीवरचा तुकडा. बहुतेक वेळा तो प्लॅस्टिकचा असतो आणि त्याची आतली धार गोल होत जाते. नखाने चाचपून बघा, धार काटकोनी लागली पाहिजे. गोल झाली असेल तर घासून धार काढण्याचा प्रयत्न करू नका. खोबण उथळ होते. तुकडा नवा बसवा. त्याच्या स्क्रूचे आटे गेले असतील तर त्याच लांबीचा, एक माप जाड स्क्रू वापरा. लांब स्क्रू अजिबात नको, आत काय आहे ते दिसत नाही.

चौथी, रबर. साध्या कागदाची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी दारात अडकवून दार बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना मिळून आठ-दहा ठिकाणी. जिथे पट्टी सहज निघते तिथे दार वाकलेलं आहे किंवा रबर चपटं झालंय. चपटं रबर काही वेळा हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सैल होऊन परत फुगतं. फाटलं असेल तर बदलण्याला पर्याय नाही.

हे सगळं ठीक केल्यावरही दुसरी अडणी असावी, त्याबद्दल दुमत नाही. पण ती फ्रिजला नको, फ्रिजभोवतीच्या लाकडी चौकटीला लावा. चौकटीवर एक लाकडी किंवा धातूची फिरती पट्टी बसवायची, आडवी फिरवली की दारावर येते, उभी केली की मोकळी. स्क्रू एकच, नायलॉन लॉकनटवाला, म्हणजे थरथरीने सैल होत नाही. पट्टीच्या आतल्या अंगाला २ मिलिमीटर फेल्ट चिकटवा, दार खरचटत नाही.

पट्टा वापरायचा असेल तर २५ मिलिमीटर रुंद विणीचा, दाबून अडकवायच्या बकलचा. रॅचेटचा नको, त्याने किती ताण येतोय ते हाताला कळत नाही आणि दाराचं पातळ पत्र्याचं पॅनेल वाकतं. लवचिक दोरी तर नकोच. ती ताणली जाते, दार दोन-तीन सेंटिमीटर उघडतं आणि परत आपटतं, प्रत्येक वळणावर. खिट्टीचं जे काही उरलंय ते त्यातच जातं.

---

थंडकप्पा

दाराचं वरती सविस्तर आलंय. आता आतलं. इथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मोकळी जागा, आणि ते नुसतं म्हणण्यापेक्षा आकड्यांत बघा.

सरळपणे घेतलेल्या वळणावर बाजूचा जोर साधारण ०.२ ते ०.३ जी असतो, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापासून जवळपास तिहाईपर्यंत. २ किलोची बरणी दाराला टेकूनच असेल तर ०.३ जीच्या वळणावर ती दारावर ०.६ किलो वजनाइतकाच भार टाकते. तो खिट्टीला काहीच नाही. पण तीच बरणी दारापासून १५ सेंटिमीटर मागे मोकळी असेल, तर ती तेवढं अंतर वेग घेत येते आणि दारावर आपटून सेंटिमीटरभरात थांबते. घर्षण सोडून दिलं तर आपटण्याचा सरासरी जोर १५ पट, म्हणजे ९ किलोच्या आसपास. अशा तीन-चार वस्तू एकदम आल्या की मग खिट्टीला दोष देण्यात अर्थ नाही. वस्तू टेकलेली ठेवा, तिला धावायला जागा देऊ नका. बाकीचे उपाय याच्या मागून येतात.

आता दिशा. तुमचा फ्रिज डाव्या भिंतीला आहे. गाडी डावीकडे वळली की सामान उजवीकडे, म्हणजे दारावर येतं. उजवीकडे वळली की मागच्या भिंतीवर जातं, तिथे काही बिघडत नाही. आणि ब्रेक लावला की? सामान गाडीच्या पुढच्या दिशेने, म्हणजे तुम्ही फ्रिजसमोर उभे राहिलात तर कप्प्यावर उजव्या हाताला सरकतं. जोरात ब्रेक मारला तर ०.६ जी किंवा त्याहून जास्त, वळणाच्या दुप्पट. दांड्या लावणारे बहुतेक जण फक्त दाराकडचा विचार करतात. दांडी दाराला समांतर असते, ती वळणाला अडवते. ब्रेकला ती काही करू शकत नाही. ब्रेकसाठी कप्प्यावर आडवे विभाग हवेत.

म्हणून उभ्या कडांच्या प्लॅस्टिकच्या टोपल्या घ्या. एका कप्प्यावर रुंदीत बरोबर बसतील अशा दोन किंवा तीन, मधे फट न ठेवता. आधी कप्प्याची आतली रुंदी आणि खोली मोजा, दोन कप्प्यांमधली उंची मोजा, मग टोपली. टोपलीची कड आतल्या वस्तूच्या अर्ध्या उंचीच्या वर आली पाहिजे, कारण वजनाचा मध्य तिथे असतो. कड त्याच्या खाली असेल तर वस्तू कडेवरून उलटते. टोपलीला तळाशी आणि बाजूंना भोकं असावीत, हवेसाठी.

रबरी चटईबद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे. वस्तू उलटण्याचा हिशोब असा : तळाची रुंदी भागिले उंची. १ लिटरचा दुधाचा खोका साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच. ७ भागिले २०, म्हणजे ०.३५ जीला तो उलटतो. गुळगुळीत कप्प्यावर तो त्याआधी घसरला असता. चटईने तळ धरून ठेवला, म्हणून तो उलटला. चटई बुटक्या, पसरट डब्यांसाठी उत्तम आहे. उंच वस्तूंसाठी ती एकटी उलट नुकसान करते. उंच वस्तू टोपलीत, चार एकत्र घट्ट उभ्या, आणि टोपलीखाली चटई, असं करा.

आणखी एक, चटई सलग घातली असेल तर काढा. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये सहसा पंखा नसतो. मागच्या वरच्या बाजूच्या, गार होणाऱ्या धातूच्या पात्यांवरून थंड हवा खाली पडते आणि पुढून गरम हवा वर येते, सगळा कारभार त्यावर. सलग चटईने जाळीचा कप्पा बंद होतो, वर गोठतं आणि खाली ८-१० अंश राहतं. ४-५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, तेवढीच फट सोडून घाला. मागच्या भिंतीपाशी २-३ सेंटिमीटर मोकळे ठेवा आणि पात्यांना काहीही टेकू देऊ नका.

वजनाची मांडणी : जड सगळं तळाला, भाजीच्या खणात किंवा त्याच्या लगेच वर. दारातल्या कप्प्यांत फक्त हलकं आणि रिकामं झालेलं. दारात २ लिटरच्या बाटल्या म्हणजे बिजागरीवर प्रत्येक खड्ड्याला हातोडा. दारातल्या अंड्यांच्या खाचा गाडी उभी असतानाच्या कामाच्या. प्रवासात अंडी कडक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत, भाजीच्या खणात, वरून एक घडी केलेलं फडकं.

फ्रीझरचा नियम उलटा आहे. तो ठासून भरा. गोठलेल्या वस्तू एकमेकींना थंड ठेवतात, तिथे हवा फिरायची गरज कमी. मोकळी जागा उरली तर बर्फाच्या पिशव्या कोंबा. गोठलेली एक मोकळी वीट लहान दार आतून फोडू शकते. बर्फाच्या साच्यात पाणी भरून लगेच निघू नका, आधी गोठू द्या.

---

उंचसखल

कॅन आणि झाकणांपुरतं.

कॅनची बाजूची भिंत साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. थरथरीत दोन कॅन एकमेकांवर, किंवा कॅन जाळीच्या तारेवर घासत राहिला की अ‍ॅल्युमिनियम झिजून टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. आतल्या दाबाने पेय हळूहळू निघून जातं. म्हणून बाहेरून कॅन धड दिसतो. चिकट भागात बारकाईने बघा, काळपट रेघ दिसेल, तीच घासल्याची खूण. उपाय म्हणजे धातूला धातू लागू न देणं. कॅन मूळ पुठ्ठ्याच्या पेटीतच ठेवा, किंवा मधे जुने मोजे, फेल्टच्या पट्ट्या, काहीही मऊ. पुठ्ठा ओला झाला की बदला. पात्यांच्या शेजारी कॅन नको, तिथे पेय गोठतं आणि कॅनचं बूड बाहेर येतं.

झाकणांचं कारण हवेचा दाब. समुद्रसपाटीला १०१३ हेक्टोपास्कल, २००० मीटरवर साधारण ७९५. म्हणजे पाचवा हिस्सा कमी. १० गुणिले १० सेंटिमीटरचं हवाबंद झाकण खाली बंद करून वर नेलंत, तर त्याला आतून २२ किलोच्या आसपास जोर लागतो. चार बाजूंच्या खटक्यांची झाकणं तिथे सुटतातच. आट्यांचं झाकण टिकतं, पण उघडताना आतलं फसकन बाहेर येतं. चढ सुरू होण्याआधी आणि मग दर ५००-६०० मीटरला, थांबलात की, खटक्यांचे डबे एकदा उघडून बंद करा. पातळ पदार्थ असेल तर डबा तीन-चतुर्थांशच भरा. दाबून काढायच्या सॉसच्या बाटल्या उलट्या ठेवू नका. तोंडाच्या रबरी पडद्यातून सगळं बाहेर येतं. उतरताना प्रकार उलटा होतो, बाटल्या आत चेपतात, त्याने सांडत नाही.

काचेच्या बरण्या न नेलेल्या बऱ्या. न्यायच्याच असतील तर प्रत्येकीला जाड कापडी आवरण आणि जागा तळाच्या खणात.

---

चाकावरचं_घर

मनापासून आभार. खालच्या बिजागरीत उचलून बघितलं, खेळ चांगलाच आहे, बुश मागवतो. टोपल्यांची मापं घेतली.

दांड्यांबद्दल जरा अजून सांगाल का? स्प्रिंगच्या दोन दांड्या आहेत, ४० ते ७० सेंटिमीटर लांबणाऱ्या. लावताना घट्ट वाटतात, मुक्कामी खाली पडलेल्या असतात. जास्त दाबून लावायला भीती वाटते, आतली प्लॅस्टिकची भिंत फुगल्यासारखी दिसते.

आणि चालत्या गाडीत फ्रिज कशावर ठेवावा? गॅसवर ठेवला तर ज्योत वारंवार विझते.

---

थंडकप्पा

भिंत फुगतेय म्हणजे दांडी चुकीच्या जागी आहे. आतलं अस्तर पातळ प्लॅस्टिकचं असतं, त्यामागे फोम. मधल्या सपाट भागात ते दबतं, दांडीचा ताण त्यातच संपतो आणि पहिल्या खड्ड्याला ती सुटते. वारंवार तसं केलं तर थंडीत कडक झालेलं अस्तर तडकतंही. कप्पा ज्या उंचवट्यांवर बसतो त्यांच्या लगेच वर किंवा खाली अस्तर सर्वात ताठ असतं, दांडीची टोकं तिथे हवीत. उंचवट्याच्या उतारावर मात्र नको, टोक घसरतं.

लावण्याआधी भिंत पुसून कोरडी करा. आत दमट असतं आणि टोकाच्या रबराखाली पाण्याचा थर राहिला तर पकड निम्मीही उरत नाही. दांडी मोकळी असताना आतल्या रुंदीपेक्षा २-३ सेंटिमीटर लांब करा, मग दाबून बसवा. तेवढा ताण पुरतो. टोकांचं रबर गुळगुळीत झालं असेल तर त्यावर चटईची गोल चकती कापून चिकटवा.

उंची : दांडी वस्तूच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश उंचीवर, वस्तूला टेकून. खाली लावली तर वस्तू तिच्यावरून उलटते, दूर लावली तर वस्तू पळत येऊन तिच्यावर आपटते. आणि दांडीकडून फार अपेक्षा ठेवू नका. ती दोन-तीन किलोच्या हलक्या डब्यांना आवरते. जड टोपलीला नाही.

तुमच्याकडे जाळीचे कप्पे आहेत, हा खरा फायदा आहे. २० मिलिमीटर रुंद वेल्क्रोचे पट्टे जाळीच्या तारांतून ओवा आणि टोपली कप्प्यालाच बांधा. प्रत्येक टोपलीला दोन पट्टे, एक पुढच्या कडेजवळ, एक मागच्या. हे दांडीपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे आणि वळण, ब्रेक, खड्डा तिन्हीला धरतं. फक्त मग कप्पा स्वतः उचलला जाणार नाही हे बघा. जाळीचा कप्पा खाचेत नुसता बसलेला असतो; मागच्या चाकांमागे जोराचा खड्डा बसला की सामानासकट वर उडू शकतो. कप्पा अडवायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या चिमट्या फ्रिजबरोबर येतात, बऱ्याचदा हरवलेल्या असतात. सुट्या भागांत मिळतात, मॉडेलचा क्रमांक दाराच्या आतल्या चिठ्ठीवर असतो.

---

निळी_ज्योत

गॅसचं उत्तर मी देते.

चालत्या गाडीत गॅस बंद, सिलिंडरच्या तोंडाशी. अपघातात नळी तुटली तर गळती चालू राहते, आणि इंधन भरताना पेटती ज्योत म्हणजे उघड धोका. बोगदे आणि फेरीबोटींत तर अनेक ठिकाणी बंदीच असते. प्रवासात १२ व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू असताना.

पण १२ व्होल्टकडून काय मिळतं ते समजून घ्या. या आकाराच्या फ्रिजचा हीटर साधारण १२० ते १७० वॅट घेतो, म्हणजे १० ते १४ अँपिअर. तो आधीच गार असलेलं गार ठेवतो, गरम फ्रिज गार करू शकत नाही. तारा बारीक असतील तर १२ व्होल्ट निघतात आणि हीटरपाशी ११ पोचतात; व्होल्टेज ८ टक्क्यांनी घटलं की उष्णता जवळपास १६ टक्क्यांनी घटते. मल्टिमीटरने हीटरच्या टोकांपाशी, इंजिन चालू ठेवून मोजा. आणि इंजिन बंद झाल्यावर हा पुरवठा आपोआप तुटायला हवा, नाहीतर मोठ्या थांब्यात बॅटरी बसते.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी, १२ ते २४ तास आधी, फ्रिज मेन्सवर लावा. सामान घरच्या फ्रिजमधून गार झालेलंच भरा. आतल्या मधल्या कप्प्यावर थर्मामीटर ठेवा, त्याला पट्ट्याने बांधा. मुख्य भाग ४ अंश सेल्सिअस किंवा खाली, फ्रीझर उणे १८. नाशवंत पदार्थ ४ अंशांच्या वर २ तासांपेक्षा जास्त राहिले तर टाकून द्या. बाहेर ३२ अंशांहून जास्त असेल आणि ते उघड्यावर राहिले तर १ तासच. तुमच्या प्रश्नातलं बोटभर उघडं दार याच कारणाने मला सर्वात जास्त खटकलं. सांडलेलं दिसतं, कोमट झालेलं दिसत नाही.

मुक्कामी गॅस लावण्याआधी गाडी समपातळीत आणा. चालताना हलण्याने काही होत नाही, पण उभ्या गाडीत तिरका चालवला तर आतल्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि बॉयलर (तो द्रव तापवणारा भाग) कायमचा खराब होतो. बहुतेक फ्रिजना एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश इतकाच कल चालतो.

---

बिजागरी

घरगुती फ्रिजचं राहिलं होतं. थोडक्यात सांगायचं तर आतली जागा जास्त, धरून ठेवणारं काहीच नाही.

त्याचं दार फक्त रबरातल्या चुंबकावर बंद राहतं. खिट्टी नसते. कप्पे काचेचे आणि नुसते टेकलेले. तळाला फ्रीझरचा मोठा ड्रॉवर असेल तर त्यात १५ किलो सामान सहज मावतं, आणि ड्रॉवरचं तोंड वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ०.३ जीला ४.५ किलोचा ओढा सरळ बाहेर. तो रुळांवर चालतो, घर्षण जवळपास शून्य.

दोन झडपांचं दार असेल तर दोन्ही मुठींतून २५ मिलिमीटरचा पट्टा. ड्रॉवरला वेगळी अडणी, लाकडी चौकटीवरून. चिकटवायची मुलांपासून संरक्षणाची कुलपं चालतात, पण चिकटवण्याची पद्धत पाळली तरच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन जागा पुसा, पूर्ण वाळू द्या, अ‍ॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप जोरात दाबून बसवा आणि ७२ तास भार देऊ नका. खडबडीत पृष्ठभागाच्या दारांवर ती नीट धरत नाही, तिथे चौकटीवरचीच अडणी करा. काचेच्या कप्प्यांच्या चारही कोपऱ्यांखाली सिलिकॉनचे पातळ तुकडे ठेवा आणि वरून कप्पा उचलला जाणार नाही अशी सोय करा.

भोक पाडण्याबद्दल : घरगुती फ्रिजच्या बाजूच्या भिंतीत कधीही नाही. बऱ्याच फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी पत्र्याच्या लगेच आत फिरवलेली असते. ती फुटली की फ्रिज गेला, आणि आत बहुधा आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, जो ज्वलनशील आहे. दोन झडपांच्या मधल्या पट्टीत हीटरची तारही असते. दाराच्या पॅनेलमधूनही तारा जाऊ शकतात. तुमच्या सध्याच्या फ्रिजलाही हाच नियम : चौकटीला हवं ते करा, फ्रिजला काही नाही.

आणि फ्रिज स्वतः गाडीला किती घट्ट आहे तेही बघा. दोन्ही हातांनी वरची कड धरून पुढे-मागे हलवा. चौकटीत जराही हलला तर आतले बाजूचे स्क्रू सैल आहेत; त्यांवर सहसा प्लॅस्टिकची टोपी असते.

---

चाकावरचं_घर

स्क्रूची एक टोपी गायबच आहे, आणि तो स्क्रू हाताने फिरतोय. आज घट्ट करतो.

शेवटचा प्रश्न. दूध सांडून गेलेलं आहे, आत सगळं पुसलं, तरी वास जात नाही. कुठे राहिलं असेल?

---

थंडकप्पा

मुख्य भागाच्या मागच्या भिंतीला, पात्यांच्या खाली, एक पन्हळ आणि त्यात छोटं भोक असतं. पात्यांवरचं दव तिथून बारीक नळीने मागे बाहेर जातं. दूध त्याच नळीत बसलंय, जवळजवळ नक्की.

पाव चमचा खायचा सोडा १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, मोठ्या सिरिंजने भोकातून हळूहळू सोडा. आधी बाहेरच्या हवेच्या जाळीचं झाकण काढून नळीचं दुसरं टोक शोधा आणि खाली भांडं ठेवा. पाणी त्या टोकाला आलं नाही तर नळी तुंबली आहे. तार घालू नका, मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी घालून मोकळी करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा. कधीकधी नळीचं मागचं टोक निसटलेलं असतं आणि पाणी फ्रिजखालच्या लाकडावर पडत राहतं, ते हाताने चाचपा, लाकूड ओलं लागलं तर वासाचा उगम तिथेच आहे.

आतल्या भिंतींना १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा सोडा पुरतो. ब्लीच किंवा खरखरीत घासणी नको, अस्तरावर ओरखडे पडले की त्यांत पुढचं सांडलेलं धरून राहतं. रबराच्या घड्या उलगडून आतून पुसा, तिथेही दूध सुकलेलं सापडेल. दातांचा मऊ ब्रश त्या घड्यांत नीट जातो.